साखर गेली कुठे?

गेल्या महिन्यात ताई मला तिची प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली, तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामागे लागला आहात. चला, आज सांगतो. पण आधी छोटी, तू चिमूटभर हळद आण, आणि दादा, तू आजीच्या पानाच्या डब्यातला चुना घेऊन ये. येताना एक लिंबूही चिरून आण.

आता बशीत हळद कालव. पिवळी आहे ना? चुन्याचं बोट तिच्यात फिरव. बघ कशी लाल झाली! पूर्वी घरोघरी कुंकू करायचे ते याच हळदीचं. आता वर लिंबू पिळ. अजून पिळ, हात आखडू नकोस. झाली की नाही परत पिवळी? म्हणजे चुना वरचढ असला की हळद लाल, आणि आंबट वरचढ झालं की पिवळी. ही बशी इथंच राहू द्या, आपल्याला ती लागणार आहे.

ताईच्या खोलीत एक कपाट आहे. त्याला इन्क्युबेटर म्हणतात. आतून ते कायम ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाइतकं उबदार असतं. त्यात चपट्या प्लॅस्टिकच्या बशा, आणि बशीत माणसाच्या जिवंत पेशी. वरून डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. ते साधं पाणी नव्हे. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं, सगळं मोजूनमापून घातलेलं असतं, आणि रंगासाठी फिनॉल रेड नावाचं द्रव्य. ते हळदीच्याच वळणावर जातं: आंबट झालं की पिवळं. ताईनं दोन दिवसांपूर्वीची बशी बाहेर काढली, तर पाणी लिंबाच्या सरबतासारखं पिवळट झालेलं. म्हणाली, “आजोबा, यांनी साखर खाल्ली आणि आंबट करून बाहेर टाकली.”

मग सूक्ष्मदर्शकाखाली बशी ठेवून मला दाखवली. अंगणात शहाबादी फरशी बसवावी तशा पेशी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. मधेच एखादी गोल, मण्यासारखी चमकणारी. ती दोन व्हायच्या बेतात आलेली पेशी, असं ताई म्हणाली. मी किती वेळ त्या मण्याकडे बघत बसलो मला सांगता येणार नाही.

“या पेशी कुणाच्या गं?” मी विचारलं. तिनं नाव सांगितलं: हेन्रिएटा लॅक्स. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ साली ही बाई कर्करोगावर उपचार घ्यायला आली होती. पाच लेकरांची आई. डॉक्टरांनी तिच्या गाठीचा एक तुकडा काढला, तिला न विचारता, आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्याआधी माणसाच्या पेशी शरीराबाहेर काही दिवस तग धरायच्या आणि मरायच्या. या मेल्या नाहीत. वाढत राहिल्या, आजही वाढताहेत. ती माउली मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली, अवघ्या ३१ व्या वर्षी. तिच्या मुलाबाळांना या पेशींची खबर लागायला कित्येक वर्षं जावी लागली. ताई ती बशी हातात घेताना त्या बाईचं नाव घेते, आणि घ्यायलाच हवं.

दादा काय विचारतोय? सगळी साखर जर आंबट करून बाहेर टाकली, तर पेशी वाढली कशानं?

शाब्बास! अरे, याच प्रश्नानं शंभर वर्षं मोठमोठ्या माणसांची झोप उडवली. बर्लिनमध्ये ऑटो वारबुर्ग नावाचे शास्त्रज्ञ होते. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी कर्करोगाच्या गाठींचे पातळ काप काचेच्या भांड्यांत जिवंत ठेवले आणि ते किती प्राणवायू घेतात, किती आम्ल सोडतात ते मोजलं. आपल्या बहुतेक पेशी साखर प्राणवायूच्या मदतीनं पार जाळून टाकतात. उरतं ते पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. पण गाठीच्या पेशी हाताशी प्राणवायू भरपूर असतानाही साखर अर्ध्यावर सोडत होत्या आणि तिचं लॅक्टिक आम्ल करत होत्या. लॅक्टिक आम्ल म्हणजे दुग्धाम्ल. आजी रात्री विरजण लावते आणि सकाळी दही आंबट लागतं, तेच हे आम्ल. तू शर्यतीत जिवाच्या आकांतानं धावतोस तेव्हा तुझ्या पोटऱ्यांतही तेच तयार होतं.

वारबुर्ग यांचं मोजमाप पक्कं होतं. पण ते बाजार समितीच्या फाटकावर वही घेऊन बसलेल्या माणसासारखं. किती पोती आत गेली आणि किती गाड्या बाहेर पडल्या ते त्याच्या वहीत असतं. आत कुठलं पोतं कुठल्या गाळ्यावर उतरलं, कुणी दळलं, कुणी साठवलं, ते फाटकावरून कसं दिसणार? बरं, आत जाऊन गाळ्यांवरची पोती मोजली तरी भागत नाही. एका गाळ्यावर दहाच पोती दिसतात. तिथं महिनाभर कुणी फिरकलेलं नसेल, किंवा तासाला शंभर येऊन शंभर जात असतील. थप्पी सारखीच दिसते.

तर मग करायचं काय? धनगरांचा वाडा आपल्या रानात बसतो तेव्हा तुम्ही मेंढ्या पाहिल्यात. प्रत्येकाच्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाचा पट्टा असतो. दोन कळप मिसळले तरी संध्याकाळी कुणाची मेंढी कुठं गेली ते लगेच कळतं. आपल्याला कार्बनच्या पाठीवर तसा पट्टा ओढायचा आहे, आणि तोही असा की पेशीला पत्ता लागू नये. तिला कळलं तर ती वेगळी वागेल, मग खूण करून उपयोग काय?

ही युक्ती ज्याला सुचली त्याची गोष्ट फार गोड आहे. जॉर्ज द हेवेशी हे हंगेरीचे, बुडापेस्टचे. १९११ साली ते मँचेस्टरला रदरफर्ड यांच्याकडे शिकायला आले. रदरफर्ड यांच्याकडे शिशाचा मोठा साठा पडून होता, त्यात रेडियम-डी नावाचं किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं. ते म्हणाले, एवढं शिशापासून वेगळं काढून दे. तरुण हेवेशींनी रसायनशास्त्रातली होती नव्हती ती सगळी हत्यारं वापरून पाहिली. काही केल्या ते वेगळं होईना. होणार कसं? ते शिसंच होतं! एकाच मूलद्रव्याचं जरा वेगळ्या वजनाचं भावंड. अशा भावंडांना आपण समस्थानिक म्हणतो. दुसरा कुणी हताश होऊन घरी गेला असता. हेवेशींनी ते अपयश उलटं करून बघितलं: जे कुणालाच वेगळं काढता येत नाही, ते साध्या शिशात मिसळून सोडलं तर साधं शिसं जिथं जिथं जाईल तिथं तेही जाईल, आणि त्याच्या किरणांवरून आपल्याला वाट दिसेल.

ते ज्या घरी राहत त्या घरमालकीणबाई आठवड्याचं उरलंसुरलं पुन्हा ताटात वाढतात, असा त्यांना संशय होता. बाई कानावर हात ठेवत. मग एका रविवारी हेवेशींनी पानात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी द्रव्याचा कण टाकला, आणि काही दिवसांनी समोर आलेल्या ताज्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. उपकरणानं साक्ष दिली! ही हकिकत ते स्वतः सांगत. पुढे १९२३ साली त्यांनी घेवड्यासारख्या शेंगांच्या रोपांत शिसं मुळांतून वर कसं चढतं ते याच रीतीनं पाहिलं. खुणेच्या अणूंनी वाट शोधण्याबद्दल त्यांना रसायनशास्त्राचं १९४३ चं नोबेल मिळालं.

पुढे हीच युक्ती वापरून न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ शोएनहायमर यांनी उंदरांना जड हायड्रोजनची खूण केलेली चरबी खाऊ घातली. लोक समजत होते की अंगावरची चरबी म्हणजे कणगीतलं धान्य, अडीअडचणीला काढायचं. खूण सांगू लागली की उंदराचं वजन तसूभर न हलताही ती चरबी रोज थोडी जाते आणि रोज थोडी नवी येते. नदी तीच दिसते आणि पाणी निराळं असतं, तसं. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो, कारण शरीराकडे बघण्याची नजरच त्यानं बदलली. शोएनहायमर १९३३ साली जर्मनी सोडून आले होते. १९४१ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, ते गेले.

आता आपल्या कार्बनकडे येऊ. कार्बनच्या अणूच्या गाभ्यात ६ प्रोटॉन आणि बहुधा ६ न्यूट्रॉन असतात. म्हणून तो कार्बन-१२. पण शंभरांत साधारण एकाच्या गाभ्यात ७ न्यूट्रॉन असतात. तो कार्बन-१३. वागायला अगदी भावासारखा, फक्त अंगानं किंचित जड. तो किरण सोडत नाही, कुणाला अपाय करत नाही. छोटी, तुझं वजन ३० किलो धरलं तर तुझ्या अंगात आत्ता या क्षणी ६० ग्रॅमच्या आसपास कार्बन-१३ आहे. हो, खरंच! आणखी एक भाऊ आहे, कार्बन-१४. तो किरणोत्सारी. बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी तो २७ फेब्रुवारी १९४० रोजी शोधला, आणि पुढची कित्येक वर्षं वाट शोधण्याचं काम मुख्यतः त्याच्याच खांद्यावर होतं. पण ताईचा सगळा भरवसा कार्बन-१३ वर.

जिवंत वस्तूला या जडपणाचा अजिबात पत्ता लागत नाही असं मात्र नाही. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची हवेतून कार्बन घेण्याची रीत भात-गव्हापेक्षा निराळी आहे, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ किंचित जास्त असतो. म्हणून भाकरी खाणाऱ्याच्या अंगात आणि भात खाणाऱ्याच्या अंगात बारीकसा फरक निघतो. मधात उसाची साखर मिसळली आहे का, तेही यावरून पकडता येतं, कारण मधमाशी ज्या फुलांवर जाते ती बहुतेक भात-गव्हाच्या रीतीची असतात. पण हा फरक हजारात काही कण एवढाच. ताईच्या कामात तो आड येत नाही.

ताई काय करते बघा. साखर अजिबात न घातलेलं लाल पाणी घेते आणि त्यात विकत आणलेलं खास ग्लुकोज विरघळवते. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन असतात. या ग्लुकोजमधले सहाही कार्बन-१३. साध्या ग्लुकोजचं वजन १८०, तर याचं १८६. पेशींना गाईच्या वासराच्या रक्तातला पातळ भाग, सीरम, पण लागतो आणि त्यात साधी साखर असतेच. ती आधी गाळून काढावी लागते, नाहीतर बिनखुणेच्या मेंढ्या कळपात घुसतात आणि हिशेब बिघडतो. मग पेशींचं जुनं पाणी काढून हे नवं घालायचं आणि घड्याळ लावायचं. साखरेच्या पहिल्या पायऱ्यांवर खूण काही मिनिटांत पोचते, पुढच्या वळणांवर पसरायला तास लागतात.

खरी कसोटी त्यानंतरची. पाक एकतारी झाला की आजी कढई कशी झटक्यात उतरवते? नुसता गॅस बंद करून चालत नाही, कढईच्या उबेनंही पाक पुढे जातो. पेशीचं तर त्याहून कठीण. तिच्यातले काही पदार्थ सेकंदांत बदलतात. बशी बाहेर काढली, थंड हवा लागली, की पेशीचा कारभार बदलायला लागलाच. म्हणून ताई पाणी शोषून घेते, एकदा झटकन धुते, आणि शून्याखाली ८० अंशांवर गार केलेलं मेथॅनॉल वरून ओतते. सगळं जागच्या जागी थिजतं. मग प्लॅस्टिकच्या खरवडणीनं बशी खरवडायची, तो गढूळ थेंब बारक्या नळीत भरायचा, गरागरा फिरवून गाळ खाली बसवायचा. मी बाजूला उभा राहून हे पाहिलं. एरवी वाऱ्यासारखी बडबडणारी आपली ताई त्या अर्ध्या मिनिटात श्वास रोखून असते. बर्फात हात लाल होतात तरी तिचं लक्ष घड्याळावर.

वरचं निवळ घेऊन ती मास स्पेक्ट्रोमीटरवर जाते. आधी एका लांब बारीक नळीतून पदार्थ एकामागून एक वेगळे होतात, मग यंत्र प्रत्येक रेणूला विद्युतभार देऊन त्याचं वजन सांगतं. अशा यंत्राचा पाया केंब्रिजला फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ साली घातला. आपला सोनाराचा काटा गुंजेचा फरक दाखवतो. हा काटा एका न्यूट्रॉनचा दाखवतो. हेवेशींची खूण किरणांनी बोलायची, ताईची खूण वजनानं बोलते. आणि वजन नुसतं ‘आहे’ एवढं सांगून थांबत नाही. खुणेचे किती कार्बन एका रेणूत बसलेत तेही सांगतं. खरी गंमत त्या आकड्यात आहे.

ग्लुकोजचे सहा कार्बन मधोमध तुटतात, तीन-तीनचे दोन तुकडे होतात. त्यांचंच लॅक्टिक आम्ल बनतं. साधं आम्ल ९० वजनाचं. ताईच्या काट्यावर ९३ ची उंच शिखरं उभी राहिली. तीन जादा, म्हणजे तीनही कार्बन खुणेचे. पिवळ्या पाण्यातलं आंबट त्या साखरेचंच होतं, आता त्यात शंका नाही. वारबुर्ग बरोबर होते.

पण सगळी साखर त्या वाटेनं जात नाही. काही तुकडे पेशीच्या आत, तंतुकणिका नावाच्या भागात शिरतात. तिथं एक चक्र फिरत असतं. ते १९३७ साली इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅन्स क्रेब्ज यांनी उलगडलं. क्रेब्ज हे वारबुर्ग यांच्याच प्रयोगशाळेत तयार झालेले, आणि शोएनहायमरांसारखंच जर्मनीतून बाहेर पडावं लागलेले. चक्र कसं, तर जत्रेतल्या पाळण्यासारखं. पाळण्यात चार जण आधीच बसलेले आहेत. तीन कार्बनांपैकी एक फाटकातच कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि दोन नवे पाळण्यात चढतात. झाले सहा. त्याला सायट्रेट म्हणतात, लिंबात असतं ते. पाळणा फिरतो, वाटेत दोन उतरतात, पुन्हा चार उरतात. मजा अशी की पहिल्या फेरीत नुकतेच चढलेले दोघं उतरत नाहीत, आधीचे उतरतात. म्हणून पहिल्या फेरीत सायट्रेट दोननं जड, आणि तेच दोघं आत असताना आणखी दोन खुणेचे चढले की चारनं जड. वजन पाहून फेऱ्या कळतात. आहे की नाही!

यात एक सावधगिरी. सहा कार्बनांच्या सायट्रेटमध्ये ताईनं काहीही न करता सहा-साडेसहा टक्के रेणू एकानं जड असतातच, कारण कार्बन-१३ सृष्टीत आधीपासून आहे. ते वजा करावं लागतं. आणि कधी कधी ताई सहाही कार्बनांना खूण करत नाही, पहिल्या दोघांनाच करते. सरळ वाटेनं आलेलं खुणेचं लॅक्टिक आम्ल मग दोननं जड निघतं. पण साखरेचा एक आडरस्ता आहे, त्यावर पहिला कार्बन गळून पडतो; तिकडून फिरून आलेलं आम्ल एकानंच जड. दोन आणि एक यांचं प्रमाण पाहायचं, की आडरस्त्यानं किती गेले ते समजतं. मला ही युक्ती इतकी आवडली की मी ताईकडून ती दोनदा समजावून घेतली.

आता पाळण्याकडे परत. पेशी साखरेखालोखाल ग्लुटामिन नावाचं अमिनो आम्ल खाते. हॅरी ईगल यांनी १९५५ साली एकेक पदार्थ वगळून वगळून पाहिलं, की कशावाचून बशीतल्या पेशी मरतात. त्या यादीत हे ग्लुटामिन होतं. त्यात पाच कार्बन. ते पाळण्यात मधल्याच थांब्यावर चढतं. समजा या पाचांना खूण केली. पाळणा सरळ फिरला तर पुढच्या थांब्यावर एक उतरतो, चार खुणेचे राहतात, मग दोन साधे चढतात. सायट्रेट चारनं जड. पण उलट फिरला तर? पाचांच्या शेजारी एक साधा कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो आणि थेट सायट्रेट होतं. पाचनं जड!

चार आणि पाच. एका न्यूट्रॉनचा फरक. पाळणा कुठल्या बाजूला फिरतोय ते तो सांगतो.

२०११ आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांनी हा काटा लावला. कुणी पेशींना प्राणवायू अगदी कमी दिला, कुणी तंतुकणिका बिघडलेल्या पेशी घेतल्या. सायट्रेट मोठ्या प्रमाणावर पाचनं जड निघालं. सगळा पाळणा उलटा नव्हे, तेवढ्या टप्प्यापुरती वाट उलटी. पाठ्यपुस्तकात बाण एकीकडे दाखवलेला, आणि अडचणीतली पेशी बाणाविरुद्ध चालत त्या सायट्रेटपासून चरबी घडवत होती. नव्या पेशीला नवं आवरण लागतं, ते चरबीचं असतं. साखरेची वाट अडली, तर दुसऱ्या दारानं तिनं तीच वस्तू आणली. नुसतं सायट्रेट किती आहे ते मोजलं असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं.

थांबा, टाळ्या वाजवू नका. २०१३ साली दुसऱ्या काही शास्त्रज्ञांनी हात वर केला. त्यांचं म्हणणं ऐका. आजी शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर देते, काकू वाटीभर साखर परत पाठवतात. आपली वाटी काकूंच्या मांडणीवर दिसली म्हणून आपल्या घरातून साखर त्यांच्याकडे वाहते आहे असं होतं का? होत नाही. देवाणघेवाण सारखीच असेल तर कुणाच्याच घरात एक दाणा वाढत नाही. तसं त्या टप्प्यावर कार्बन दोन्ही बाजूंनी ये-जा करत असतील, तर नुसत्या अदलाबदलीनंही पाचची खूण उमटेल. मग किती नक्त गेले, ते ठरवायला खूण पुरत नाही. पेशीनं काय खाल्लं, काय टाकलं ती फाटकावरची वहीसुद्धा शेजारी ठेवून ताळा करावा लागतो. ही शंका काढणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. पाचनं जड सायट्रेट दिसल्यावर हुरळून जाणं किती सोपं होतं!

दादा, तुझा प्रश्न मी विसरलेलो नाही. पेशी वाढली कशानं? २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मॅथ्यू व्हँडर हायडन यांच्या गटानं थेट हेच विचारलं. पेशीच्या एकूण वजनातला कार्बन कुठून आला? सगळ्यांची अटकळ होती की ज्याचा फडशा सर्वांत जास्त, त्याचंच अंग होत असणार. म्हणजे साखर आणि ग्लुटामिन. खुणेनं निराळंच सांगितलं. पेशीच्या वजनाचा मोठा वाटा इतर अमिनो आम्लांमधून आला होता, जी ती त्या मानानं फार थोडी खाते. थोडं खाते, पण टाकत नाही. जवळजवळ सगळं अंगी लावते, प्रथिनं बांधते. साखर भराभर घेते आणि बरीचशी लॅक्टिक आम्ल करून दाराबाहेर ठेवते.

छोटी, आता तू मला आजीच्या तपासणीचा कागद दाखव. उपाशीपोटी साखर किती? १०४. डॉक्टर म्हणाले, जरा जपा. ताईच्या लाल पाण्यात किती असते ठाऊक आहे? नेहमी वापरतात त्या एका पाण्यात लिटरला साडेचार ग्रॅम. आजीच्या कागदाच्या भाषेत ४५०! माणसाची साखर एवढी चढली तर आपण त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेऊ. बशीतल्या पेशी जन्मभर त्यात राहतात. मग त्या जे वागतात ते पेशीचं मूळचं वागणं की त्या पाण्याचं? ताईला रात्री जागवतो तो हा प्रश्न. २०१६ मध्येच उंदरांच्या फुप्फुसातल्या गाठींवर काम झालं. बशीत ज्या पेशी ग्लुटामिनवर तुटून पडत, त्याच जातीच्या पेशी जिवंत उंदरात त्याच्याकडे फारसं बघतसुद्धा नव्हत्या. म्हणून हल्ली रक्ताशी मिळतंजुळतं पाणी करण्याचा खटाटोप चालू आहे, आणि तो योग्यच आहे.

त्याही पुढची पायरी माणसाची. अमेरिकेत डॅलस शहरात राल्फ डीबेरार्डिनिस यांच्या गटानं फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना, त्यांची संमती घेऊन, शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून कार्बन-१३ च्या खुणेचं द्रावण दिलं. शस्त्रक्रिया तर व्हायचीच होती. काढलेल्या गाठीचा तुकडा काट्यावर गेला. आधी खुणेचं ग्लुकोज दिलं, आणि गाठीत चक्र व्यवस्थित फिरताना दिसलं. मग काही रुग्णांना खुणेचं लॅक्टिक आम्लच दिलं. २०१७ मध्ये त्यांनी जे छापलं ते वाचून ताईनं मला मुद्दाम फोन केला होता. ते आम्ल, ज्याला इतकी वर्षं पेशीनं टाकलेला गाळ समजत होते, ते गाठीतल्या पाळण्यात जाऊन बसलं होतं. गाठ ते खात होती. त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखवलं, की उपाशी असताना मेंदू सोडून बाकीच्या अवयवांत साखरेचा कार्बन चक्रात पोचतो तो बहुतांशी रक्तातल्या लॅक्टिक आम्लाच्या रूपानं. एका पेशीनं दाराबाहेर ठेवलेलं दुसरीनं उचलून घरात नेलं.

त्या दिवशी प्रयोगशाळेतून निघता निघता ताईनं ती पिवळ्या पाण्याची बशी पुन्हा हातात घेतली. मला वाटलं आता ती पाणी ओतून टाकणार आणि नवं लाल पाणी भरणार. नवं पाणी तिनं भरलं. पण जुनं ओतलं नाही. बारक्या नळीत भरलं, तारीख लिहिली, आणि शून्याखाली ८० अंशांच्या कपाटात, शेकडो नळ्यांच्या शेजारी उभं करून ठेवलं. तेही वजन करायचं आहे म्हणाली.